पिळणारा ड्रायर आणि वाळवणारा ड्रायर

सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधल्या शेजारच्या अरुंद टबाला आपल्याकडे सगळेच ड्रायर म्हणतात. गरम हवेने कपडे कोरडे करणारं मशीनही ड्रायरच. नाव एकच असल्यामुळे दुसऱ्याचं दुखणं पहिल्याच्या हिशेबाने शोधलं जातं आणि धडधाकट हीटर उगाच बदलले जातात.

पिळणारा ड्रायर घरोघरी आहे, त्याच्याबद्दल फार सांगायला नको. मिनिटाला साधारण १३०० फेऱ्या, हीटर नाही, पाणी भोकांतून बाहेर. कपडे निथळत राहिले तर ड्रेन पाइप उंचावर अडकलाय का, ब्रेक घासतोय का, कपड्यांवर प्लास्टिकची चकती नीट बसवली होती का, एवढं बघायचं. टॉप लोड मशीनवरचं ‘एअर ड्राय’ याच जातीचं. त्यातही हीटर नसतो, स्पिन तेवढा लांबतो. त्यातून थेट कपाटात जाण्याजोगे कपडे निघतील अशी अपेक्षाच धरू नका.

खरी गफलत वाळवणाऱ्या ड्रायरबाबत होते. यात पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ ड्रमबाहेर गेली तरच कपडे वाळतात. दमट हवा आतच कोंडली तर कितीही तापवा, टॉवेल ओलाच राहणार. म्हणून ‘वाळत नाही म्हणजे तापत नाही’ हे पहिलं डोक्यातून काढा.

पारख सोपी आहे. वीस मिनिटं चालल्यावर मशीन थांबवा, दार उघडा, कपड्यांत हात घाला. कपडे गार आणि ओले असतील तर हीटर, थर्मोस्टॅट (तापमान राखणारा स्विच) किंवा थर्मल फ्यूज (फार तापलं की उडणारा) तपासायला माणूस बोलवा. कपडे गरम आणि ओले, दाराच्या काचेवर आतून घाम, असं असेल तर हीटर काम करतोय; हवा अडली आहे. यात एक मेख आहे. हवा अडली की आतली उष्णता वाढते, थर्मोस्टॅट हीटर पुन्हा पुन्हा बंद करतो, आणि शेवटी फ्यूज उडतो. म्हणजे कपडे गार निघाले तरी मूळ कारण हवेचंच असू शकतं. हवेची वाट मोकळी न करता नुसता फ्यूज बदलला तर नवाही उडेल.

वाट तपासायला कापूस अडवणाऱ्या जाळीपासून सुरुवात करा. कापूस झटकून जाळी स्वच्छ दिसली तरी नळाखाली धरा. पाणी झरझर खाली गेलं तर ठीक; वरच साचलं तर फॅब्रिक सॉफ्टनरचा थर बसलाय. जुना टूथब्रश, भांड्यांचा साबण, कोमट पाणी, आणि पूर्ण वाळल्यावरच जाळी परत बसवा. टॉवेलना सॉफ्टनर घालूच नये; त्यांची पाणी टिपायची ताकद जाते ती वेगळीच.

हवा बाहेर सोडणारं मशीन असेल तर मागचा चार इंची पाइप काढून आत बघा. चंदेरी फॉइलचा घडीचा पाइप मला मुळीच मान्य नाही: प्रत्येक घडीत कापूस साठतो आणि मशीन भिंतीला सरकवलं की तो चेपतो. गुळगुळीत धातूचा, लांबीला कमी, वळणं कमीत कमी, असाच घ्या. भिंतीबाहेरची झडप मशीन चालू असताना उघडते का, तेही बघा. वाफ आतच गार करून तिचं पाणी करणाऱ्या कंडेन्सर मशीनमध्ये पाण्याची टाकी रिकामी करा आणि काढता येणारा कंडेन्सर असेल तर धुवा. बंद, तापलेल्या खोलीत असं मशीन मंदावणारच.

आपल्याकडे मात्र वॉशर-ड्रायर जास्त दिसतो. त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये वाफ गार करायला नळाचं थंड पाणी लागतं. धुणं झालं म्हणून नळ बंद केला, किंवा पाण्याची वेळ संपून टाकी रिकामी झाली, की वाळवणं अडतं. दुसरी चूक वजनाची. आठ किलो धुणाऱ्या मशीनची वाळवायची क्षमता बहुधा पाचच किलो असते. आठ किलो धुवून तसेच वाळवायला लावले तर ड्रम ठासून भरतो, हवा फिरायला जागा उरत नाही. चादर वेगळी वाळवा. तिची गुंडाळी होते आणि आतले मोजे ओले राहतात.

आणि हो, पिळणं चुकवू नका. पाच किलो सुती कपडे मिनिटाला १४०० फेऱ्यांनी पिळले तर अडीच लिटरच्या आसपास पाणी उरतं, ८०० फेऱ्यांनी पिळले तर साडेतीन. एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान पाऊण युनिटच्या जवळपास वीज जाते. कपडे हाताला जड लागले तर आधी आणखी एक स्पिन द्या.

व्होल्टेजही बघून घ्या. २३० ऐवजी २०० मिळत असेल तर हीटरची ताकद पाऊणच उरते. संध्याकाळी मंद आणि सकाळी ठीक चालणाऱ्या मशीनमध्ये बहुतेक वेळा बिघाड नसतोच.