गर्भपिशवीतलं चिकटलेलं सोडवल्यावर चिनी काढा घ्यायचा असेल तर

चीनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसोबत आम्ही दवाखान्यात दुभाषी म्हणून जातो. पिशवीतलं चिकटलेलं दुर्बिणीने मोकळं करून घेतल्यावर बऱ्याच जणी विचारतात, "इथे काढाही लिहून दिलाय, घेऊ का?" त्यांच्यासाठी हे पत्रक. आम्ही औषधं विकत नाही.

क्युरेटिंगमध्ये, म्हणजे पिशवी आतून साफ करताना, अस्तराचा खालचा थर खरवडला गेला किंवा पिशवीला टीबी झाला, की आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात. पाळी अगदी कमी होते, कधी थांबतेच. दुर्बिणीतून हे मोकळं करता येतं, पण ओल्या जखमा पुन्हा चिकटू शकतात. म्हणून आत काही दिवस फुगा किंवा तांबीसारखं साधन ठेवतात, अनेकदा इस्ट्रोजेनच्या गोळ्या देतात आणि पुन्हा दुर्बिणीने बघतात. काढा सुरू केला म्हणून यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका.

चिनी वैद्य नाडी आणि जीभ बघतात. "रक्त साकळलंय, किडनीचं बळ कमी आहे" असं त्यांच्याकडून हमखास ऐकायला मिळतं. हे ऐकून एक ताई रडवेल्या झाल्या होत्या. ही त्यांच्या शास्त्रातली भाषा आहे. किडनी बिघडली असा त्याचा अर्थ नाही.

काढ्याचा पाया बहुधा 'सी-वू-थांग', म्हणजे चार औषधांचा काढा. सोंग राजवटीतल्या (९६०–१२७९) सरकारी औषधसंग्रहात तो आहे. त्यातल्या 'दांगग्वे' या मुळीच्या चकत्या पिवळसर, तेलकट असतात आणि त्यांना सेलेरीसारखा उग्र वास येतो. रक्त 'हलतं' करायला त्यात पीचच्या बियांचा गर आणि 'होंगह्वा' घालतात. होंगह्वा म्हणजे आपल्या करडईचं फूल.

गुण येतो का? चीनमध्ये यावर अभ्यास झालेत, पण बरेचसे छोटे आणि ढिले आहेत. काढ्याने पुन्हा चिकटणार नाही, अशी खात्री कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

जपायचं मात्र नक्की. दांगग्वे आणि 'दानशेन' ही दुसरी चिनी मुळी, यांनी रक्तस्राव वाढू शकतो. वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर धोका मोठा. ऑपरेशननंतरचं रक्त थांबलं नसेल, तर सर्जनना विचारल्याशिवाय घोटही नको. पाळी चुकली तर काढा थांबवून आधी तपासणी करा. करडईचं फूल गरोदरपणात चिनी वैद्यही टाळतात. टीबीच्या गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगा, कारण त्या गोळ्यांचा भार यकृतावर असतोच आणि 'हशोवू'सारख्या चिनी औषधानेही यकृताला इजा झालेली आहे.

दवाखान्यातच उकळून घेतलेला काढा बंद पाकिटांत मिळतो. ती पाकिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि प्यायच्या आधी गरम पाण्यात धरून कोमट करा. घरी उकळणार असाल तर मातीचं भांडं घ्या, लोखंडी नको.

औषधांची चिनी यादी फेकू नका. फोटो पाठवलात तर प्रत्येक नावापुढे आम्ही मराठीत लिहून देऊ. तोच कागद सर्जनना दाखवा.