फिरता दीप (दीपगृहातील)

दीपगृहातील दिव्याभोवती भिंगांचा पिंजरा फिरता ठेवून समुद्रावर ठरावीक अंतराने प्रकाशझोत टाकण्याची रचना. लांबून दिवाच फिरतो असे वाटते. प्रत्यक्षात तो मधोमध स्थिर व अखंड तेवत असतो, फिरतात ती भिंगे. चहूकडे पसरणारा प्रकाश भिंगे मोजक्या झोतांत एकवटतात, म्हणून तो दूर जातो. परंतु दोन झोतांमधला समुद्र अंधारात राहतो. पिंजरा फिरला की प्रत्येक दिशेला आळीपाळीने झोत मिळतो. सारख्या अंतरावरील चार भिंगांचा पिंजरा २० सेकंदांत एक फेरी घेत असेल, तर खलाशाला दर ५ सेकंदांनी लखलखाट दिसतो आणि त्यावरून दीपगृह कोणते हे कळते.

फिरत्या दीपाचा आरंभ स्वीडनमधील कार्लस्टेन दीपगृहात सु. १७८१ मध्ये योनास नॉरबर्ग याने केला, असे बहुधा मानले जाते. काही फ्रेंच लेखक हे श्रेय त्यूलेर या अभियंत्याला देतात. त्याचा परावर्तकांचा (प्रकाश परतवणाऱ्या आरशांचा) फिरता दीप फ्रान्समधील कॉर्दुआं दीपगृहात १७९० च्या सुमारास लागला. उपलब्ध सनांवरून स्वीडिश दावा अधिक ग्राह्य वाटतो.

दीपगृहातील भिंगाच्या श्रेयाचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. जाड भिंगातील निरुपयोगी काच काढून ते पायऱ्यापायऱ्यांचे करण्याची कल्पना फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने १७४८ मध्ये मांडली, पण त्याचे भिंग एकसंध काचेचे व सूर्यकिरणांनी जाळण्यासाठी होते. ते तुकडे जोडून करावे, असे फ्रेंच गणितज्ञ काँदॉर्से याने सुचवले. पुढे स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर याने या कल्पनेवर अग्रहक्क सांगितला. कल्पना कोणाचीही असो, दीपगृहाला उपयोगी पडेल असे भिंग घडवून ते १८२३ मध्ये कॉर्दुआं येथे प्रत्यक्ष बसवले ते फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ओग्युस्तँ फ्रेनेल याने. मुख्य श्रेय त्यालाच देणे न्याय्य होय.

पिंजरा फिरवण्यासाठी हळूहळू खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारी घड्याळी यंत्रणा असे. ते वजन रखवालदाराला रात्रीतून पुन्हापुन्हा वर चढवावे लागे. चाकांवरील घर्षणामुळे फेरी संथ असे आणि लाटांवर हेलकावणाऱ्या जहाजाला पुढच्या झोताची फार वाट पाहावी लागे. १८९० च्या सुमारास पिंजरा पाऱ्यावर तरंगता ठेवण्याची पद्धत फ्रान्समध्ये आली. त्यामुळे कित्येक टनांचा पिंजराही हाताने ढकलता येऊ लागला व फेरीचा वेग वाढला. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने ही पद्धत आता मागे पडत आहे.

अलीकडील एलईडी दिवे न फिरताही उघडझाप करू शकतात.