घाटेअळीवर विषाणू फवारलाय? मग आठवडाभर धीर धरा

"फवारून दोन दिवस झाले, अळी अजून हलतेय!" हरभरा फुलावर आला की आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते याच तक्रारीचे. अळी हलते हे खरंच आहे. ती का हलते हे कळावं म्हणून एचएएनपीव्हीच्या, म्हणजे घाटेअळीला रोग लावून मारणाऱ्या विषाणूच्या, बाटलीसोबत हा कागद देतोय. फवारणीआधी वाचा.

हे स्पर्शाने मारणारं विष नाही. अळीने ते पानासोबत खायला हवं. बाटलीतला विषाणू प्रथिनाच्या कवचात बंद असतो. अळीच्या आतड्यातला रस चांगलाच अल्कधर्मी असतो, त्यात कवच विरघळतं आणि मोकळा झालेला विषाणू आतड्याच्या पेशींत शिरतो. माणसाच्या किंवा गुरांच्या पेशींत तो वाढत नाही, मधमाश्यांनाही त्याचा त्रास नाही.

पेशीत शिरला की तो थेट केंद्रकात जातो आणि पेशीचं सगळं काम स्वतःच्या प्रती काढण्याकडे वळवतो. एरवी रोगट पेशी स्वतःच मरून रोग तिथल्या तिथे अडवते. हा विषाणू ती वाटच बंद करतो, प्रतींनी गच्च भरेपर्यंत पेशीला मरू देत नाही. शिवाय अळीला कात टाकायला लावणारं संप्रेरक तो निकामी करतो. कात टाकताना अळी खाणं थांबवते. इथे कातच टळते, म्हणून ती खात राहते आणि विषाणूला वाढायला आणखी वेळ मिळतो.

आतड्यातून तो रक्तात आणि चरबीत पसरतो. साधारण चार ते सात दिवसांत अळी मरते. मरण्याआधी ती शेंड्याकडे चढते. सकाळी रानात गेलात तर मागच्या पायांनी डहाळीला धरून डोकं खाली लोंबणारी, फिकट पडलेली अळी दिसेल. बोट लावलंत की कातडी फुटून पातळ द्रव गळतो. त्या थेंबाथेंबात कवचबंद विषाणू खच्चून भरलेला असतो.

म्हणून आमचा आग्रह एवढाच: अळ्या बारीक असतानाच फवारा. मोठी अळी मरेपर्यंत घाटे पोखरून मोकळी होते, तिथे आमची बाटली कमी पडते हे आधीच सांगतो. फवारणी ऊन उतरल्यावर करा. उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू लवकर निकामी होतो, म्हणूनच द्रावणात नीळ घालतात. मात्रा लेबलवर आहे तीच घ्या. बाटली सावलीत, थंड जागी ठेवा.

आणि लोंबणाऱ्या अळ्या वेचून बांधावर टाकू नका. त्या फुटल्या की खालच्या पानांवर विषाणू पडतो, आणि ती पानं पुढची अळी खाते.