शर्यतीची चेनसॉ-साखळी

शर्यतीची चेनसॉ-साखळी : चेनसॉच्या, म्हणजे फिरत्या साखळीच्या यांत्रिक करवतीच्या, स्पर्धांत ओंडका कमीत कमी वेळात आरपार कापता यावा म्हणून हाताने घडवलेली आणि खास पद्धतीने धार लावलेली साखळी. ती बहुधा बाजारात मिळणाऱ्या कामाच्या साखळीपासूनच तयार करतात. कामाच्या साखळीने दिवसभर टिकावे, मातीने भरलेली साल सहन करावी आणि चालवणाऱ्याच्या अंगावर उसळू नये, अशी अपेक्षा असते. शर्यतीच्या साखळीकडून काही सेकंदांचेच काम हवे असते, त्यामुळे टिकाऊपणासाठी ठेवलेले पोलाद तिच्यातून जागोजागी काढून टाकले जाते.

आजच्या साखळीचा दात अमेरिकेतील ओरेगन राज्यात घडला. त्यापूर्वीच्या साखळ्यांना जुन्या दोनमाणसी करवतीसारखे ओरखडणारे दात असत आणि ते लवकर बोथट होत. जो कॉक्स या लाकूडतोड्याने 1946 मध्ये एका भुंगेऱ्याच्या अळीला लाकडाच्या तंतूंची दिशा न पाहता डावीकडे-उजवीकडे जबडे चालवत पोखरताना पाहिले. त्या जबड्यांच्या आकारावरून त्याने आलटून पालटून डावे व उजवे दात असलेली साखळी बनवली आणि 1947 मध्ये पोर्टलंड येथे तिचे उत्पादन सुरू केले. शर्यतीची साखळीही मूलतः हीच आहे.

प्रत्येक दाताचे दोन भाग असतात. पुढचा बोथट उंचवटा म्हणजे खोलीमापक, ज्याला कारागीर रेकर म्हणतात. मागचा भाग म्हणजे प्रत्यक्ष कापणारा दात. दाताला आडवा माथा आणि उभी बाजू असते, आणि ही दोन्ही पाती जिथे मिळतात तो कोपरा सर्वांत आधी लाकडात शिरतो. बाजूचे पाते तंतू तोडते, माथ्याचे पाते तो तुकडा रंध्यासारखा उचलते. रेकर माथ्यापेक्षा जितका खाली, तितका दाताचा घास मोठा. 3/8 इंच पिचच्या (पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचे निम्मे) कामाच्या साखळीत हा फरक साधारण 0.65 मिमी ठेवतात.

कामाच्या साखळीला गोल कानसीने धार लावतात. 3/8 इंच पिचसाठी ती सहसा 5.5 मिमी व्यासाची असते. गोल कानसीमुळे पात्याच्या मागे अंतर्वक्र खोबण तयार होते आणि कोपऱ्याला पुरेसा आधार मिळतो. शर्यतीसाठी चौकोनी धार अधिक पसंत केली जाते. तिच्यासाठी सपाट कडांची कानस किंवा विशेष ग्राइंडर वापरून माथ्याची व बाजूची पाती दोन सपाट उतारांनी तासतात आणि उतारांची शीवरेषा नेमकी कोपऱ्यावर आणतात. रेषा कोपऱ्याच्या किंचित वर किंवा खाली गेली तरी दात चावायचे सोडून घासू लागतो. गोल कानस दाताच्या आतून बाहेर चालवतात, तर चौकोनी कानस सहसा बाहेरून आत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्वच्छ, मऊ लाकडात काम करणारे लाकूडतोडे रोजच्या कामातही हीच धार वापरत आले आहेत. गोल धारेनेही वेगवान साखळ्या घडवता येतात. मात्र त्यासाठी नेहमीपेक्षा लहान व्यासाची कानस घेऊन माथ्याखालचे पाते पातळ करावे लागते.

दाताच्या बाहेरील पृष्ठभागावर कठीण क्रोमचा अतिशय पातळ थर असतो आणि खरी धार त्यावरच टिकते. त्यामुळे कानसीने आतले पोलाद मागे सारून क्रोमची कडा उघडी करायची असते. धार तपासण्याची सर्वांत विश्वासार्ह रीत अगदी साधी आहे : साखळी दिव्याखाली धरून दात वळवून पाहावा. बोथट कडेवर प्रकाशाची बारीक पांढरी रेघ चमकते. तीक्ष्ण कडेला चमकण्याइतकी रुंदीच नसते. कोपऱ्यावर एकच पांढरा ठिपका दिसला, तरी त्या दातावर कानसीचे आणखी हात मारावे लागतात आणि मग उरलेल्या सगळ्या दातांवरही, कारण दात लांबीला सारखे असणे एखाद्या दाताच्या अतितीक्ष्णपणापेक्षा महत्त्वाचे असते. डावे दात उजव्यांपेक्षा लांब राहिले, तर काप सरळ न जाता एका बाजूला वळतो आणि साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी लाकडात अडकून वेग जातो.

नवी साखळी सर्वांत वेगवान असेल असे वाटते, पण तसे नसते. दात मागच्या बाजूला उंचीने व रुंदीने निमुळता असतो. त्यामुळे कानस लावून तो आखूड झाला की कापाची रुंदी घटते, साखळीचे वजन कमी होते आणि तेवढ्याच शक्तीत कमी लाकूड काढावे लागते. म्हणूनच घडवणारे मुद्दाम दात आखूड करतात, त्यांची टाच (मागचे टोक) कापून टाकतात, दात व रेकर यांमधली घळ भुसा अडकणार नाही अशी मोकळी करतात आणि दुव्यांना जोडणाऱ्या जोडपट्ट्या व पट्टीच्या खाचेत धावणारे चालक दुवे घासून हलके व गुळगुळीत करतात. रिव्हेटचे सांधे इतके सैल असावे लागतात की साखळी बोटावर टांगली की दुवे स्वतःच्या वजनाने लोंबावेत. नंतर ती द्रावकात धुऊन पातळ तेलात ठेवतात, कारण घट्ट तेलानेही वेगाला ओढ बसते.

किती दात ठेवायचे, हे लाकडाच्या रुंदीवर ठरते. 3/8 इंच पिचच्या पूर्ण दातांच्या (मधले दात न वगळलेल्या) साखळीत सुमारे 37 मिमीला एक दात येतो. म्हणजे 20 सेंमी रुंद चौकोनी ठोकळ्यात एका वेळी पाच-सहा दात कापत असतात, तर 46 सेंमीच्या ओंडक्यात बारा. साखळी ओढणारे चक्र सात दातांचे आणि त्याचे मिनिटाला 10,000 फेरे असतील, तर साखळी सेकंदाला सुमारे 22 मीटर धावते. रेकर फार खाली घेतले की इंजिन भाराखाली गुदमरते आणि फेरे पडतात. इथे मोजपट्टीपेक्षा कान जास्त उपयोगी पडतो : घडवणारा काप घेताना इंजिनाचा आवाज ऐकतो आणि त्यानुसार रेकरवर कानसीचा एखादा हात कमी-जास्त करतो. त्यामुळे एका करवतीवर जिंकणारी साखळी दुसरीवर हरू शकते, आणि पॉप्लर वा पाइनसाठी पातळ केलेल्या दाताची धार वाळलेल्या ओकमध्ये तुटते.

साखळीची ही कला कुठे कामाला येते, हे स्पर्धेच्या नियमांवर अवलंबून असते. 1985 मध्ये सुरू झालेल्या टिंबरस्पोर्ट्स या लाकूडतोडीच्या स्पर्धा-मालिकेतील ‘स्टॉक सॉ’ प्रकारात सर्वांना एकसारख्या करवती आयोजकच देतात, त्यामुळे हातांचे कौशल्य तेवढे उरते. त्याच मालिकेतील ‘हॉट सॉ’ प्रकारात करवत स्पर्धकाची स्वतःची असते. 46 सेंमीच्या व्हाइट पाइनमधून खाली, वर आणि पुन्हा खाली असे तीन काप घेऊन तीन पूर्ण चकत्या आखलेल्या 15 सेंमीच्या आत काढायच्या असतात, आणि साखळीचा वेग ताशी 200 किमीच्या पुढे जातो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील हेवर्ड येथे 1960 पासून भरणाऱ्या लाकूडतोड्यांच्या जागतिक स्पर्धेतही हा प्रकार आहे. इंजिनात बदल करण्यास बंदी असलेल्या स्थानिक शर्यतींत मात्र जवळजवळ सगळा निकाल साखळीवरच लागतो, आणि तिथे कामाची व शर्यतीची साखळी असे वेगळे गट ठेवणे न्याय्य ठरते.

या साखळ्या जंगलातील कामासाठी नसतात. खाली घेतलेले रेकर आणि उसळी कमी करणाऱ्या दुव्यांचा अभाव यांमुळे पट्टीचे टोक लाकडाला लागले की करवत जोरात उलटी उसळते. शिवाय घासून पातळ केलेला दुवा तुटला, तर त्याचा तुकडा साखळीच्या धावेच्या रेषेत गोळीसारखा सुटू शकतो. म्हणून सराव असो वा स्पर्धा, पट्टीच्या पुढच्या व मागच्या सरळ रेषेत कोणालाही उभे राहू देत नाहीत.