जोड इंजिनाची बोट: वेग अडतो कुठे?

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सातपुडा सरळ नर्मदेत उतरतो. सरदार सरोवराचं पाणी वर चढत गेलं (2019 मध्ये ते पहिल्यांदा 138.68 मीटर या पूर्ण पातळीला पोचलं), तसा अक्राणी-अक्कलकुव्याच्या कितीतरी काठावरच्या पाड्यांना बोटीशिवाय दुसरा धड रस्ता राहिला नाही. रेशन, लसीचे डबे, अडलेली बाळंतीण, सगळं पाण्यावरूनच. इकडे तापीवर हतनूरचे 41 दरवाजे वर गेले की खालच्या गावांसाठी बचावाच्या बोटी सज्ज ठेवाव्या लागतात. अशा पाण्यावर मागे दोन आउटबोर्ड (बाहेरून टांगलेली) इंजिनं असलेली बोट असावी, असं मला मनापासून वाटतं. मात्र ती कशासाठी घ्यायची आणि तिच्याकडून पूर्ण काम कसं करून घ्यायचं, हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

पहिली गोष्ट वेगाची. 40 अश्वशक्तीच्या एका इंजिनाला दुसरं तसंच इंजिन जोडलं तर वेग दुप्पट होत नाही. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानाने ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ताकद दुप्पट झाली तर वेग फार तर 1.4 पट, तोही वजन तेवढंच राहिलं तर. या वर्गातलं इंजिन स्वतःच 70 ते 100 किलोचं असतं आणि ते वजन बोटीच्या अगदी शेपटावर येतं. शिवाय पाण्यात इंजिनाचा आणखी एक पाय बुडतो, त्याचा अडथळा वेगळा. म्हणून दोन इंजिनं घ्यायची ती मुख्यतः भरवशासाठी: एक बंद पडलं तर दुसऱ्यावर काठ गाठता यावा, आणि एक पुढे, एक मागे टाकून अरुंद जागेत बोट जागच्या जागी वळवता यावी.

मग हाती असलेल्या ताकदीतून पूर्ण वेग कसा काढायचा? त्याचं उत्तर बहुतेक वेळा पंख्यात (प्रोपेलरमध्ये) सापडतं. पंख्याच्या मधल्या तुंब्यावर हात फिरवला तर दोन आकडे कोरलेले लागतात. पहिला व्यास, दुसरा पिच. पिच 13 म्हणजे पाणी लोण्यासारखं घट्ट असतं तर एका फेऱ्यात पंखा 13 इंच पुढे सरकला असता. इंजिन मिनिटाला 5500 फेरे घेतंय आणि गिअर दोनास एक आहे असं धरा. पंखा 2750 फेरे घेईल, म्हणजे मिनिटाला 35,750 इंच, तासाला साडेचोपन्न किलोमीटर. प्रत्यक्षात जीपीएस 46 दाखवेल. मधला 15-16 टक्क्यांचा फरक म्हणजे घसरण. पाणी घट्ट नाही, ते मागे सरकतं म्हणूनच बोट पुढे जाते, त्यामुळे घसरण शून्य कधीच होणार नाही. पण ती 30 टक्क्यांवर गेली तर कुठेतरी बिघडलंय हे नक्की.

आता इंजिनाची बाजू. बनवणारा प्रत्येक इंजिनासाठी पूर्ण थ्रॉटलवरच्या फेऱ्यांची एक पट्टी देतो, उदाहरणार्थ 5000 ते 6000. पूर्ण माणसं, पूर्ण सामान, भरलेली टाकी अशा अवस्थेत थ्रॉटल शेवटपर्यंत दिला की काटा त्या पट्टीत, शक्यतो वरच्या अर्ध्यात, यायला हवा. तो 4600 वरच थांबत असेल तर पंखा त्या ओझ्याला जड पडतोय. ट्रॅक्टर ओल्या काळ्या रानात वरच्या गिअरवर नांगराला लावला तर जसा कण्हतो, तसंच हे. थ्रॉटल उघडा, पेट्रोल भरपूर, फेरे मात्र कमी: सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, काजळी धरते, पिस्टनचं आयुष्य घटतं. अशा वेळी कमी पिचचा पंखा लावायचा. पिच एक इंचाने कमी केला की साधारण 150 ते 200 फेरे वाढतात. कागदावर वेग घटतो, पण भरलेल्या बोटीत बरेचदा तो घटत नाही, कारण इंजिन अखेर आपली पूर्ण ताकद देऊ लागतं.

इथे खानदेशची हवा मध्ये येते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. 15 अंशांच्या हवेच्या तुलनेत 45 अंशांची हवा सुमारे 9 टक्क्यांनी विरळ असते. तेवढा प्राणवायू कमी, तेवढं कमी इंधन नीट जळणार, आणि ताकद जवळपास त्याच प्रमाणात उतरणार. दुसरीकडे कुठे गार सकाळी, रिकाम्या बोटीवर ठरवलेला पंखा आपल्याकडे भर उन्हात बारा माणसं बसल्यावर जड पडणारच. म्हणून चाचणी आपल्याच पाण्यात, आपल्याच ओझ्यावर, दुपारी घ्यावी असा माझा आग्रह आहे. रुग्ण नेणाऱ्या बोटीच्या बाबतीत तर त्याशिवाय बोट ताब्यातच घेऊ नये. नदीला ओढ असेल तर तेवढाच पल्ला एकदा प्रवाहाबरोबर, एकदा प्रवाहाविरुद्ध धावून दोन्ही वेगांची सरासरी काढायची. जीपीएस काठाच्या हिशेबाने वेग सांगतं, पंख्याचा संबंध मात्र पाण्याशी.

जोड इंजिनांत काही गोष्टी जास्तीच्या. मोठ्या इंजिनांच्या जोडीत पंखे बहुधा उलटसुलट फिरणारे असतात, म्हणजे एकाचा बाजूला ओढण्याचा जोर दुसरा मारतो आणि सुकाणू हाताला हलकं राहतं. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, वरची हवा पात्यांपर्यंत येऊ नये म्हणून. बोटीचा तळ व्ही आकाराचा असेल तर मध्यापासून बाजूला जाताना तो वर चढत जातो. म्हणून या पट्टीची उंची मधल्या कण्याशी ताडून चालत नाही, त्या-त्या इंजिनाच्या अगदी पुढच्या तळाशी ताडावी लागते. वळताना बोट आत कलते, बाहेरचं इंजिन उचललं जातं. ते फारच वर बसवलेलं असेल तर पंखा हवा ओढतो, फेरे एकदम किंचाळतात आणि ढकल संपते.

दोन्ही इंजिनं एका लयीत आहेत का, हे कान सांगतो. एक 3000 आणि दुसरं 3060 फेऱ्यांवर असेल, तर दोन्ही आवाज कधी एकमेकांत मिसळून मोठे होतात, कधी एकमेकांना खातात, आणि साधारण सेकंदाला एकदा ‘घूंऽ... घूंऽ’ अशी चढ-उतार ऐकू येते (सिलिंडर किती, त्यावर ही गती थोडी बदलते). भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात. एक लिव्हर किंचित सरकवत जा, चढ-उतार संथ होत होत विरून जाते. तंबोरा सुरात लावणाऱ्याचा कानही हेच ऐकत असतो.

लिव्हर सारखे असूनही एक इंजिन दोन-तीनशे फेरे मागे राहत असेल तर आधी केबल आणि मग पंख्याची पाती बघावीत. बुडालेल्या झाडांच्या खोडांवर आपटून पात्याच्या कडेला नखाएवढा खळगा पडला तरी फेरे बिघडतात, थरथर वाढते. दोन्ही पंखे एकाच दिशेचे असतील तर त्यांची अदलाबदल करावी: दोष पंख्याबरोबर गेला तर पंखा, जागेवरच राहिला तर इंजिन. उलटसुलट जोडीत ही सोय नाही, म्हणून दोन्ही दिशांचा एकेक जादा पंखा बोटीत असावाच.

आणि एक इंजिन खरंच बंद पडलं तर? बंद इंजिन आधी वर उचलायचं, नाहीतर त्याचा पंखा पाण्यात लोढण्यासारखा लटकतो. राहिलेलं इंजिन बहुधा बोटीला उचलून धावू शकत नाही. त्याचा पंखा वेगवान बोटीसाठी निवडलेला, आणि आता बोट पोट टेकून चाललेली. पूर्ण थ्रॉटल दिला तर तेही दमछाक होऊन बसेल. निम्म्या थ्रॉटलवर सावकाश चालायचं. हा भरवसा टिकण्यासाठी टाक्याही वेगळ्या हव्यात. सध्याच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा ओढून घेतं. दोन्हींना मिळून टाकी एकच असेल आणि तिच्यात पाणी साचलं तर दोन्ही इंजिनं एकदमच थांबतील. निदान दोन्हींना पाणी वेगळं करणारा स्वतंत्र फिल्टर तरी हवाच.

पावसाळ्यात तापीचं पाणी चहासारखं होतं. त्यातली रेती इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) घासून काढते. इंजिनामागून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार बारीकच नव्हे तर तुटक दिसू लागली, की इंजिन लगेच बंद करून गाळणी साफ करायची आणि काठावर येताच इम्पेलर बदलायचा.