मुंबईची दंगल, १८९३

शुक्रवार, ११ ऑगस्ट १८९३ रोजी मुंबईत सुरू झालेली हिंदू-मुसलमान दंगल. शहरात याआधी १८५१ व १८७४ साली पारशी-मुसलमान दंगली झाल्या होत्या. हिंदू आणि मुसलमान एवढ्या मोठ्या प्रमाणावर समोरासमोर येण्याचा मात्र हा पहिलाच प्रसंग मानला जातो. मृतांची संख्या साधारणपणे ८० च्या आसपास धरतात. जखमी काहीशे, तर अटक झालेले सुमारे १,५०० होते.

त्या वर्षी वातावरण आधीच तापले होते. जूनमध्ये बकरी ईदच्या सुमारास आझमगढ भागात गोहत्येवरून दंगे झाले. जुलैअखेर, मोहरमच्या दिवसांत, जुनागढ संस्थानातील प्रभास पाटण येथे रक्तपात झाला. प्रभास पाटण ज्या भागात आहे त्या काठेवाडशी मुंबईतील गुजराती व्यापाऱ्यांचे घरचे नाते असल्याने तेथील आपद्ग्रस्तांसाठी सभा भरल्या, वर्गणी गोळा झाली. मुसलमान वस्तीत याचा अर्थ वेगळा लावला गेला. ११ तारखेला दुपारच्या नमाजानंतर जुम्मा मशिदीतून बाहेर पडलेला एक जमाव शेजारच्या हनुमान गल्लीतील मंदिरावर चालून गेला. तेथून दंगा पायधुणी, भेंडीबाजार, कामाठीपुरा असा पसरला. दुसऱ्या दिवसापासून गिरणी कामगार मोठ्या संख्येने उतरले आणि पारडे फिरले. मशिदींवर आणि मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. लष्कर आणि नौदलाचे खलाशी रस्त्यावर आणावे लागले.

कारणांविषयी एकवाक्यता नाही. पोलीस कमिशनर व्हिन्सेंट यांनी गोरक्षण चळवळीवर बोट ठेवले. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून हे नाकारले, सरकार मुसलमानांना झुकते माप देते म्हणून ही वेळ आली आणि हिंदूंनी केला तो बचाव, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. मुंबईच्या गोरक्षण मंडळीत दिनशा पेटिट यांच्यासारखे पारशी धनिकही होते, त्यामुळे तिला निव्वळ मुसलमानविरोधी कट म्हणता येत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून जे घडले त्यालाही बचाव म्हणणे कठीण आहे. अलीकडचे अभ्यासक गिरणगावातील दाटी, परगावाहून आलेल्या कामगारांचे गावकीचे व मोहल्ल्याचे गट आणि अफवांचा वेग यांकडे लक्ष वेधतात. हेच मत अधिक ग्राह्य दिसते.

सर्वाधिक वाद आहे तो सार्वजनिक गणेशोत्सवाशी असलेल्या संबंधाचा. हा उत्सव दंगलीतून जन्मला, असे सर्रास लिहिले जाते. कालक्रम तपासला तर हे विधान सैल ठरते. पुण्यात शालुकर बोळात भाऊ लक्ष्मण जावळे ऊर्फ भाऊसाहेब रंगारी यांनी बसवलेला गणपती काही जण १८९२ चा मानतात, काही १८९३ चा. पहिली मिती धरली तर तो दंगलीच्या आधीचा होतो. दुसरी धरली तरी त्या वर्षीची चतुर्थी दंगलीनंतर जेमतेम महिन्याभराने आली. एवढ्या अवधीत नवी प्रथा निव्वळ दंगलीतून उभी राहिली असे म्हणण्यापेक्षा, सिद्ध होत असलेल्या कल्पनेला दंगलीने जोर दिला असे म्हणणे सयुक्तिक. सप्टेंबर १८९३ मध्ये ‘केसरी’ने पुण्यात सार्वजनिक गणपती बसवणाऱ्या रंगारी, खासगीवाले आणि घोटवडेकर यांचे अभिनंदन केले. मेळे (पदे गात फिरणारे गट) आणि सामुदायिक विसर्जन यांसह उत्सवाचा खरा विस्तार १८९४ चा. टिळकांना त्याचे प्रवर्तक म्हणण्यापेक्षा प्रसारक म्हणणे पुराव्याला धरून होईल.

दंगलीचा खरा ठळक परिणाम ताबुतांवर (मोहरमात मिरवल्या जाणाऱ्या कबरींच्या नक्षीदार प्रतिकृती, म्हणजेच डोले) झाला, आणि ही हानी नोंदीत अनेकदा सुटते. तोपर्यंत मोहरम हा दख्खनेत हिंदूंचाही सण होता. मूल जगावे म्हणून त्याला मोहरमात फकीर करण्याचा नवस हिंदू आया बोलत, पोराच्या गळ्यात रंगीत दोरा बांधत. तालमीतली मंडळी डोल्यांपुढे नाचत, काही ठिकाणी ताबूतही हिंदूच बसवत. १८९४ साली पुण्यात हिंदूंनी ताबुतांकडे बहुतांशी पाठ फिरवली. मेळ्यांतील काही पदांमध्ये त्यासाठी उघड आवाहन होते.

फेब्रुवारी १८९४ च्या सुमारास येवल्यात दंगल झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुण्यात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून वाजंत्रीसह मेळा नेण्याच्या प्रकरणात स्थानिक पुढारी तात्यासाहेब नातू यांच्या मंडळींवर खटला झाला. ते निर्दोष सुटले. मशिदीपुढील वाद्यांचा प्रश्न यानंतर वारंवार उद्भवत राहिला. मुंबईत ताबुतांच्या मिरवणुका पुढे काही वर्षे चालू होत्या. १९११ च्या मोहरमातील गोळीबारानंतर पोलीस कमिशनर एडवर्ड्‌स यांनी नियम कडक केले आणि त्या जवळजवळ बंद पडल्या. त्या गोळीबाराचा हिंदू-मुसलमान तंट्याशी मात्र संबंध नव्हता.