थायरॉईडच्या गोळीतलं ‘बाकीचं’ म्हणजे नुसती भर नव्हे

“गोळीत औषध तेवढं कामाचं, बाकी सगळी खडूची भुकटी, कंपनी कुठलीही घ्या,” हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. थायरॉईडच्या गोळीबाबत तरी ते साफ चुकीचं आहे, आणि रोज सकाळी उपाशीपोटी ती घेणाऱ्यांना हे माहीत असायलाच हवं.

या गोळीतलं औषध, लेव्होथायरॉक्सिन, पाण्यात जेमतेम विरघळतं. त्यात मात्रा इवलीशी: साधारण 100 मिलिग्रॅम वजनाच्या गोळीत 50 मायक्रोग्रॅम, म्हणजे 2000 भागांत एक भाग. उरलेल्या घटकांनी ओलावा धरला, तर औषधाचं हळूहळू विघटन होतं. लॅक्टोजसारखी साखर तर त्याच्याशी थेट रासायनिक प्रक्रिया करू शकते. मग मुदत संपण्याआधीच मात्रा घटते.

म्हणूनच अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2007 मध्ये नियम कडक केला: मुदत संपेपर्यंत मात्रा 95 ते 105 टक्क्यांतच राहिली पाहिजे. फ्रान्समध्ये 2017 साली लेव्होथायरॉक्स या गोळीतून लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घातलं, तेही टिकाऊपणासाठीच. औषध तेच, मात्रा तीच; तरी हजारो रुग्णांनी थकवा, केसगळती, चक्कर अशा तक्रारी केल्या. कारणांवर बराच वाद झाला. पण रुग्णांना या बदलाची पुरेशी कल्पना दिली नव्हती, हे मला अक्षम्य वाटतं.

ब्रँड बदलला तर डॉक्टरांना सांगा आणि 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी) तपासून घ्या. गोळ्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवा; पावसाळ्यात ओट्याजवळच्या फडताळात तर नकोतच.